वर्गाबाहेर शिकलेलं मार्कशीटवर कसं येईल?

(शिवरे इथे कॉलेजातल्या आणि कॉलेज मध्येच सोडलेल्या मुलामुलींसमोर केलेल्या बोलण्याचं हे लिखित रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

मागे आवाज येतोय ना? हायवेच्या हॉर्नपेक्षा मोठ्याने बोलायचा प्रयत्न करतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, बीटेक झालंय. रोज कामात जे वापरतो त्यातलं बरंचसं मी वर्गाबाहेर शिकलो. कुणाचा तरी कोड वाचून, व्हिडिओ बघून, सिनियरच्या शेजारी बसून. आमच्याकडे इंटरव्ह्यूला कोड लिहून दाखवला की झालं. पण त्या इंटरव्ह्यूपर्यंत जायला जो फॉर्म भरावा लागतो ना, त्यात पदवीचा रकाना असतो. तो रिकामा राहिला तर तुमचा कोड बघायला कुणी येतच नाही. म्हणजे शिकलो बाहेर, आणि दार उघडलं कागदाने.

मग साधा प्रश्न येतो. बाहेर शिकलेलं त्या कागदावर मोजलं जाईल का? उत्तर आहे, हो, आता नियमात जागा आहे. पण ती आपोआप मिळत नाही. त्यात ग्यानबाची मेख आहे, आणि तीच आज सांगायची आहे.

आधी क्रेडिट म्हणजे काय ते बघू. धान्याला जशी पायली, तसं शिकण्याचं माप म्हणजे क्रेडिट. केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आणला. त्यात हिशोब असा की साधारण ३० तासांचं शिकणं म्हणजे १ क्रेडिट. त्या ३० तासांत लेक्चर आलं, प्रॅक्टिकल आलं, घरचा अभ्यासही आला. वर्षाचे १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. आपल्या राज्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात.

आता तुम्ही म्हणाल, काम करून शिकणं आपल्याला काय नवीन आहे? बरोबर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हे महाराष्ट्रात रुजवलं. पुणे विद्यापीठात आजही त्यांच्या नावाने ही योजना चालते. पण एक फरक लक्षात घ्या. त्या कामातून फी निघाली, जेवण निघालं, माणसं उभी राहिली. काम करताना मुलगा जे शिकला ते मात्र मार्कशीटवर आलं नाही. श्रमाला दाम मिळाला, शिकण्याला माप मिळालं नाही. नंतर १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं. शाळा सुटलेल्यांना तिथल्या पूर्वतयारी शिक्षणक्रमाने पदवीचा रस्ता दाखवला. दार उघडलं, पण आत गेल्यावर अभ्यास पहिल्यापासूनच. बाहेर जे शिकलात ते मोजायची गोष्ट आत्ता कुठे सुरू झाली आहे.

आज तीन रस्ते आहेत.

पहिला, स्वयम्. सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, २०१७ पासून आहे. शिकायला पैसे नाहीत, परीक्षेला फी आहे. १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे कॉलेज एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेऊ देऊ शकतं. 'देऊ शकतं' म्हणालो, 'देतं' नाही.

दुसरा, ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याने जो आराखडा केला त्यात ओजेटीला ४ क्रेडिट आहेत, आणि फील्ड प्रोजेक्ट, समाजकार्य यांनाही जागा आहे. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस.

तिसरा, आरपीएल, म्हणजे आधी शिकलेल्याची पारख. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत हे २०१५ पासून आहे. गवंडी, वेल्डर, प्लंबर असं काम येत असेल तर पूर्ण कोर्स न करता थोडं मार्गदर्शन घ्यायचं, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. पण हे झालं कौशल्याचं प्रमाणपत्र. त्याचं पदवीच्या क्रेडिटमध्ये रूपांतर करायचं तर कॉलेज किंवा विद्यापीठाने ते मान्य करायला हवं.

आणि हे सगळं जमा कुठे होतं? ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये. डिजिलॉकरवरून खातं निघतं, जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. नाव बँक आहे, पण एक गोष्ट नीट ऐका. या बँकेत तुम्ही स्वतः काही भरू शकत नाही. मी चार प्रमाणपत्रं घेऊन गेलो आणि म्हणालो घ्या जमा करून, तर होत नाही. फक्त नोंदणी झालेली संस्थाच जमा करू शकते. ही मघाची मेख. तुमचं शिकणं आणि ती बँक यांच्यामध्ये एक माणूस लागतो, जो तपासून सही करेल की हो, याला हे येतं. नियम आहे, पोर्टल आहे. तपासणारा माणूस बऱ्याच ठिकाणी नाही.

तपासायचं म्हणजे काय, ते उदाहरणाने सांगतो. समजा एक ताई आहे. बारावी झाली, लग्न झालं, शिक्षण सुटलं. गावातल्या बचत गटाचं दप्तर पाच वर्षं तिच्याकडे आहे. हजेरी, मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचं पासबुक जुळवणं, सगळं ती करते. एक रुपया चुकला तर रात्री बसून शोधते. आता तिने बीकॉमला प्रवेश घेतला. पहिल्याच सत्रात तिला रोजकीर्द म्हणजे काय हे शिकवायला लागायचं का?

तिचं कौतुक करून पूर्ण पेपर माफ करा असंही मी म्हणत नाही. तिला रोकड वही येते, खातेवही येते, व्याज येतं, बँक जुळवणी येते. घसारा येत नाही, ताळेबंद कदाचित अर्धवट येतो. मग प्राध्यापकांनी तिच्या वह्या बघाव्यात, अर्धा तास प्रश्न विचारावेत, दोन गणितं समोर सोडवून घ्यावीत. जे येतं त्याचे क्रेडिट द्यावेत, जे येत नाही ते शिकवावं. एवढंच.

पाच वर्षं काम केलं म्हणून क्रेडिट नाही, पाच वर्षांत जे आलं त्याचं क्रेडिट. हा फरक सोडला की सगळं बिघडतं. हायवेलगतच्या गोदामात तीन वर्षं फक्त बॉक्स उचलले असतील तर कष्ट खूप झाले, त्याची मजुरी पूर्ण मिळायलाच हवी. पण तिथेच कुणी माल आत घेताना चलन तपासायला शिकलं, जुना माल आधी बाहेर काढायचा हिशोब शिकलं, संगणकातला साठा आणि रॅकवरचा साठा का जुळत नाही ते शोधायला शिकलं, तर तो लॉजिस्टिक्सचा अभ्यासच आहे. वर्गात हेच फळ्यावर शिकवतात.

फ्रान्समध्ये २००२ पासून असा कायदाच आहे. अनुभवाची फाइल करायची, परीक्षक मंडळासमोर बसायचं, आणि पटलं तर फक्त क्रेडिट नाही, पूर्ण पदवीसुद्धा मिळू शकते. तिथेही फाइल तुमचीच असते, पण तपासणारं मंडळ ठरलेलं असतं. आपल्याकडे नेमकं तेच उभं करायला हवं.

दोन धोके सांगतो. एक, मामाच्या दुकानाचा शिक्का मारून १२० तास दाखवणं. असं चाललं तर उद्या खऱ्या कामाच्या कागदालाही कुणी विचारणार नाही. नुकसान त्या ताईचं होईल. दुसरा, ओजेटीच्या नावाखाली फुकटचा मजूर. पंधरा दिवस फक्त झेरॉक्स काढायला लावली आणि शेवटी सही दिली, तर ते शिक्षण नव्हे. पहिल्याच दिवशी विचारा, मी इथे काय शिकणार आणि मला कोण शिकवणार?

मग करायचं काय? चार गोष्टी.

एक, डिजिलॉकरवरून क्रेडिट बँकेचं खातं काढा.

दोन, स्वयम् चा कोर्स लावायच्या आधी कॉलेजला विचारा, माझ्या अभ्यासक्रमात हा धरणार का? उत्तर लेखी घ्या, ईमेल चालेल. कोर्स झाल्यावर विचारणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तीन, वही ठेवा. आम्ही कोड बदलला की प्रत्येक वेळी नोंद करतो, काय बदललं आणि का. तशीच. तारीख, काम, त्यात नवीन काय आलं, कुणाच्या हाताखाली केलं, पुरावा म्हणून फोटो किंवा कागद. आठवड्याला पाच ओळी पुरतात. परीक्षक उद्या भेटो की दोन वर्षांनी, त्याच्यासमोर ठेवायला काहीतरी हवं.

चार, आणि हे एकट्याने होणार नाही. दहा-पंधरा जण मिळून कॉलेजात लेखी अर्ज द्या. आधी शिकलेल्याची पारख करायला तुमच्याकडे कोण आहे, अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल? एका मुलाला 'बघू' म्हणून परत पाठवणं सोपं असतं. पंधरा सह्यांच्या अर्जाला आवक क्रमांक द्यावा लागतो.

इथली मुलं भोरला, पुण्याला कॉलेजात जातात, बरीच जण सोबत कामही करतात. जाण्यायेण्यात आणि शिफ्टमध्ये दिवस जातो, हजेरी कमी पडते, आणि एक दिवस कॉलेज सुटतं. त्यातल्या कुणाचे ८-१० क्रेडिट जरी कामातून सुटले, तरी एखाद्या सत्राचं ओझं निम्म्यावर येतं. कदाचित तेवढ्यावर तो टिकेल.

मला एवढंच सांगायचं होतं. अर्ज लिहायला मदत लागली तर आत्ता थांबा, इथेच बसून मसुदा करू. जे ऐकतायत किंवा वाचतायत त्यांनी आपल्या कॉलेजात काय उत्तर मिळालं ते नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.