दाभोळची खाडी : दोन तीरांची एक ठेव

परशुराम घाटातून खाली दृष्टी टाकली म्हणजे वाशिष्ठीचे रुपेरी वळण, मधली हिरवी बेटे आणि काठची भातखाचरे एका नजरेत येतात. सह्याद्रीत उगम पावलेली ही नदी चिपळूण व गोवळकोटावरून पुढे जाते. खेडकडून आलेली जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ व अंजनवेल यांच्या मधून ती अरबी समुद्रास भेटते. हीच दाभोळची खाडी. दापोली, गुहागर, खेड व चिपळूण या चार तालुक्यांचा तिच्याशी संबंध येतो.

मध्ययुगात दाभोळ हे बहमनी व पुढे आदिलशाही राजवटीतील भरभराटीचे बंदर होते. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळले. मुखावर पहारा देणारा गोपाळगड आजही अंजनवेलीस उभा आहे. बंदराचे ते वैभव इतिहासजमा झाले. आता दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान फेरीबोट ये-जा करते. खाडीची खरी संपत्ती मात्र पाण्यात आणि काठच्या चिखलात आहे.

खारे आणि गोडे

दिवसातून दोनदा भरती खारे पाणी आत आणते, ओहोटी ते परत नेते. वरून नदीचे गोडे पाणी येते. कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजलही वाशिष्ठीतच सोडले जात असल्याने हा प्रवाह उन्हाळ्यातही आटत नाही. खाऱ्या-गोड्याच्या या संगमावर तिवर, कांदळ, चिप्पी आणि मारांडी वाढतात. त्यांची गळलेली पाने कुजून कोळंबी व खेकड्यांचे अन्न होते; मुळांच्या जाळीत माशांची पिल्ले आसरा घेतात. हीच मुळे लाटांचा जोर मोडतात आणि काठ धरून ठेवतात. काठची कांदळे तुटली, तर काही वर्षांनी जाळे रिकामे येते, ते यामुळेच. गोवळकोटाच्या परिसरातील मगरी हेही या खाडीचे एक वैशिष्ट्य होय.

संकट वरून येते

22 जुलै 2021 रोजी चिपळूण महापुरात बुडाले. अतिवृष्टी झाली होती. त्यात गाळाने उथळ झालेले पात्र आणि भरतीने अडलेले पाणी यांची भर पडली. त्यानंतर वाशिष्ठी व शिव या नद्यांतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. परंतु डोंगरउतारावरील झाड तुटले आणि खोदलेली माती ओहोळात ढकलली गेली, तर काढलेला गाळ पुन्हा भरणार, हे उघड आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतही याच खोऱ्यात आहे. रासायनिक सांडपाण्याने मासे मरतात, ही खाडीकाठच्या मच्छीमारांची दीर्घकाळची तक्रार आहे. मुखाशी जाळे टाकणाऱ्याचे पोट अशा रीतीने कित्येक मैल वरच्या माणसाच्या वर्तनावर अवलंबून असते.

कायदा आणि गाव

किनारा नियमनाची पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली. राज्याने 2012 मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरील आघात ठरविला, तर 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीस राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. कायद्याचे बळ आहे. उणीव आहे ती गावोगावच्या दक्षतेची.

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असते. दोन्ही तीरांवरील समित्यांनी वर्षातून एकदा तरी एकत्र बसणे अगत्याचे आहे, कारण एका काठाने राखलेले पाणी दुसऱ्या काठाने नासता येते. मासे मेलेले आढळताच दिवस, वेळ व भरती-ओहोटी नोंदवून पाण्याचा नमुना तत्काळ घेण्यास अधिकाऱ्यांना पाचारण करावे. दोन भरत्या उलटल्या की पाणी पुरावा ठेवीत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून काठावर खुणेचा खांब रोवून दरवर्षी गाळाची उंची मोजून घ्यावी. अशी दहा वर्षांची वही गावाच्या म्हणण्यास मोठे वजन देईल.

फेरीबोटीतून पलीकडे जाणारा प्रवासी काही मिनिटांत खाडी ओलांडतो. त्या मिनिटांत दिसणारे हिरवे काठ पुढच्या पिढीसही दिसावेत, याचा निर्णय मात्र दोन्ही तीरांवरील ग्रामसभांनी मिळून करावयाचा आहे.