समुद्राकाठचे मळे आणि आपली द्राक्षे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



नाशकात द्राक्षांविषयी बोलावयाचे म्हणजे काशीत गंगेचे पाणी विकण्यासारखेच आहे. आपल्यापैकी निम्म्या जणींच्या घरी बाग आहे, नाहीतर माहेरी तरी आहेच. म्हणून मी निराळ्याच बागांविषयी बोलणार आहे. माझा भाचा नोकरीनिमित्त ग्रीस देशात असतो. गेल्या वर्षी मे महिन्यात त्याच्याकडे गेले असता त्याने मला सँटोरिनी नावाचे बेट दाखविले. लोक तेथे पांढरी घरे आणि निळे घुमट पाहावयास जातात. मी तीन दिवसांतले दोन दिवस मळ्यांतून हिंडले. भाचेसुनेला त्याचे जरा वाईटच वाटले.

पहिल्या दृष्टीस मला तेथे बाग दिसलीच नाही. मांडव नाही, तारा नाहीत, खांब नाहीत. समुद्राकडे उतरत गेलेली राखाडी जमीन आणि तिच्यावर दूर दूर ठेवल्यासारख्या हिरव्या टोपल्या. ती टोपली म्हणजेच वेल! बुरूड पाटी विणतो, तशा छाटणीच्या वेळी काड्या गोल गुंफीत जातात. घड त्या पाटीच्या आत, पानांच्या सावलीला धरतो. उन्हाळ्यात तेथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. कोवळे फुटवे मोडावेत इतका तो दांडगा, आणि बरोबर वाळूही आणतो. आपल्यासारखा मांडव त्याच्यापुढे टिकावयाचा नाही.

जमीन ज्वालामुखीची. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तेथे प्रचंड स्फोट झाला आणि बेटभर राखेचे व हलक्या सच्छिद्र दगडाचे थर बसले. टाच घासावयाची वजरी डोळ्यांपुढे आणा, तसला तो दगड. वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, तोही हिवाळ्यात. उन्हाळा जवळजवळ कोरडा. रात्री समुद्रावरून दमट हवा येते, तिचा ओलावा हा दगड धरून ठेवतो आणि त्यावर वेल तग धरते.

याच जमिनीने त्या वेलींना आणखी एक वरदान दिले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाची बारीक कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि तिने मुळे खाऊन फ्रान्सचे मळे उजाड केले. तेव्हापासून युरोपात बहुतेक ठिकाणी अमेरिकन मुळावर कलम बांधतात. सँटोरिनीच्या त्या मातीत ही कीड जगत नाही, म्हणून तेथील वेल अजून स्वतःच्या मुळावर उभी आहे. कित्येक दशकांनी टोपली थकली की वरचा भाग कापून टाकतात. जुन्या मुळातून नवे फुटवे येतात आणि पुन्हा विणकाम सुरू होते.

मी एका मळेवाल्याला विचारले, औषधे किती मारता? भाच्याने भाषांतर केले. तो म्हणाला, भुरी दिसली तर गंधकाची भुकटी. डावणीचे नाव काढताच त्याने नुसते समुद्राकडे बोट दाखविले. वारा पान ओले राहूच देत नाही, मग डावणी येणार कोठून?

येथे एक गैरसमज काढून टाकते. सेंद्रिय म्हणजे काहीच मारावयाचे नाही, असे नव्हे. गंधक चालते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रणही चालते. (हे मिश्रण फ्रान्समध्येच सापडले. वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडीत आणि त्याच वेली रोगातून वाचलेल्या आढळल्या. चोरांचे उपकारच म्हणावयाचे!) परंतु तांबे मातीत साचून राहते. म्हणून युरोपात आता हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंची मर्यादा आहे.

आता आपल्याकडे या. माझे सासर निफाड तालुक्यातले. आपली छाटणी ऑक्टोबरात. पाऊस लांबला किंवा अवकाळी आला, की पान ओले आणि घरातील माणसे रात्री झोपत नाहीत. पहाटे ट्रॅक्टर बाहेर पडतो. हे हौसेने कोण करतो? २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि आपली द्राक्षे युरोपात अडकली. तेव्हा कितीक घरांत चूल पेटली तरी जेवण गेले नाही, हे आपण पाहिले आहे. त्या माणसांना समुद्राकाठच्या शेतकऱ्याचे दाखले देऊन शिकविणे मला पटत नाही. त्याच्याकडे वारा आहे, आपल्याकडे नाही.

शिवाय त्याचे पीक एकरी टनभर, पुष्कळदा त्याहूनही कमी. २०२३ आणि २०२४ साली उष्णता व दुष्काळाने तेही फार घटले. आपल्याकडे एकरी आठ-दहा टन निघतात. त्याची द्राक्षे मद्याला जातात, मण्याचा आकार कोणी पाहत नाही. आपली ताटात येतात आणि आकार पाहणाऱ्या आपणच! मणी लांबट व टपोरा व्हावा म्हणून घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवितात. ते काम दिवसभर बायकाच करतात, हात त्या पाण्यात घालून. मंडईत आपण बारीक मणी बाजूला सारतो, तेव्हा ते हात आठवावेत असे मला वाटते.

माझ्या दिरांनी गेल्या हंगामापासून अर्ध्या एकरावर प्लॅस्टिकचे आच्छादन घातले आहे. खर्च मोठा आहे, पण पान कोरडे राहते आणि फवारण्या पुष्कळ कमी झाल्या. सेंद्रियचा दाखला त्यांनी घेतलेला नाही आणि तसे ते म्हणवीतही नाहीत. त्यातल्या दोन ओळी यंदा न बुडविता ठेवावयाच्या, असे त्यांच्या मनात आहे. मणी लहान येतील, वजन कमी भरेल, व्यापारी नाक मुरडील. मंडळातील पंचवीस घरांनी ती द्राक्षे मार्चमध्ये ठरल्या भावाने, न निवडता घ्यावीत, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. भाव अर्थात बाजाराहून थोडा चढा राहील. चौदा नावे माझ्या वहीत आली आहेत. वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे.