पाठीमागे दिसणारे गाव

श्रोतेहो, आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तीत जुन्या पावत्या आहेत, सात-बाराचे उतारे आहेत, कोणाच्या तरी मुंजीची पत्रिका आहे आणि दहाबारा फोटो आहेत. त्यांतला एक १९६२ सालच्या वैशाखातला, माझ्या चुलत आजोबांच्या लग्नातला. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागे उभ्या, मुले पुढे मांडी घालून. सगळे असे ताठ बसले आहेत की समोर कॅमेरा नसून तहसीलदार उभा असावा. पण माझी आजी तो फोटो हाती घेई तेव्हा माणसांकडे पाहतच नसे. तिचे बोट जाई उजव्या कोपऱ्याकडे. तिथे मेहकर तालुक्यातल्या आमच्या वाड्याच्या ढेलजेचा अर्धा दरवाजा दिसतो, आणि त्याच्या बाजूला एक कोनाडा. "ह्या कोनाड्यात म्या रोज दिवा लावला, बापा," असे ती म्हणे.

तो वाडा २००१ साली विकला गेला आणि पाडला गेला. सागाचे खांब एकाने नेले, दारे दुसऱ्याने, आणि भिंतींची माती ट्रॅक्टरने शेतात गेली. त्या वाड्याचा दुसरा फोटो नाही. खरे म्हणजे तो असायला हवा होता, आणि नाही याचा दोष माझा आहे. १९९८ साली आम्ही मुले लोणारच्या सहलीला गेलो होतो. मित्राजवळ कॅमेरा होता, त्यात छत्तीस फोटोंचे रीळ होते. सरोवर झाले, देवळे झाली, माकडेसुद्धा झाली. परतीच्या वाटेवर आम्ही आमच्या गावी उतरलो तेव्हा रिळात दोन फोटो उरले होते. आजी म्हणाली, "एक घराचा काढ." मी म्हणालो, "घराचा काय काढायचा? घर कुठे पळून जाते?" आणि ते दोन्ही फोटो मी मित्राच्या मोटारसायकलवर बसून काढून घेतले. ते अजून आहेत. मोटारसायकल छान आली आहे.

हे आज आठवण्याचे कारण सांगतो. मध्यंतरी माझ्या पाहण्यात अमेरिकेतली जुनी पोस्टकार्डे आली. त्या देशाच्या मध्यभागातल्या, म्हणजे इलिनॉय, आयोवा, कॅन्सस अशा शेतीच्या मुलखातल्या लहान लहान गावांची. मला वाटले होते की भव्य पूल, मोठी मंदिरे, राजवाडे असे काही असेल. तर तसे काहीच नाही! गावातला एकुलता एक रुंद रस्ता. वाण्याचे दुकान. धान्य साठवण्याचे उंच कोठार. रेल्वेचे लाकडी स्टेशन. शाळा, आणि शाळेच्या पायरीवर बसलेला कुत्रा. आपल्याकडच्या नांदुऱ्याच्या किंवा देऊळगाव राजाच्या बाजाररस्त्याचे कोणी कार्ड छापील काय? त्यांनी छापले, आणि हजारोंनी छापले.

ते कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. १९०३ साली कोडॅक कंपनीने एक घडीचा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या फिल्मचा आकार बरोबर पोस्टकार्डाएवढा होता. फोटो काढावा, तो कार्डाच्या जाड कागदावरच छापावा आणि तिकीट लावून पेटीत टाकावा. पुढे १९०७ साली तिथल्या टपाल खात्याने कार्डाच्या मागच्या बाजूचे दोन भाग पाडू दिले, एका अंगाला पत्ता आणि दुसऱ्या अंगाला मजकूर. त्यामुळे चित्राची बाजू सबंध मोकळी राहिली. मग काय, गावोगावचे फोटोवाले आपल्याच गावाचे फोटो विकू लागले. शिकागोत कर्ट टाइख नावाच्या जर्मनीहून आलेल्या गृहस्थाने १८९८ साली छापखाना घातला. तो १९७८ पर्यंत चालला. त्याच्या कार्डांचा संग्रह आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. आणि वॉकर इव्हान्स हा त्यांचा नामांकित छायाचित्रकार लहानपणापासून अशीच साधी कार्डे जमवीत असे. ती नऊ हजारांच्या घरात गेली, आणि आज न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात ठेवलेली आहेत. ज्या दुकानात कधीकाळी खिळे आणि घासलेट विकले गेले, त्याचे चित्र आता संग्रहालयात!

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे पोस्टकार्ड आले १८७९ च्या जुलैत, पाव आण्याला एक. ते कोरे होते. चित्राची कार्डे पुढे वीसेक वर्षांनी रुळली. मुंबईत ती पुष्कळ निघाली. बोरीबंदरचे स्टेशन, राजाबाई टॉवर, चौपाटी. चित्रकार धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची जी चित्रे काढली तीही कार्डांवर छापली गेली. राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वती तर कार्डांवर आल्याच, आणि छापील तसबिरींतून खेडोपाडी भिंतींवर चढल्या. पण वऱ्हाडातल्या खेड्याचे कार्ड? त्याला गिऱ्हाईक कोण? कार्ड घेणारा साहेब मुंबईचे घेई, आग्र्याचे घेई, आणि मलकापूर स्टेशनावर फक्त चहा घेई.

म्हणून आमच्या जिल्ह्याचे जे जुने फोटो आहेत ते बहुतेक देवळांचे आहेत. मेजर रॉबर्ट गिल हा लष्करातला चित्रकार १८४४ पासून अजिंठ्याची चित्रे उतरवून घेत होता. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बऱ्याचशा जळाल्या. तो कॅमेराही वापरीत असे, आणि त्या कॅमेऱ्याने लोणारच्या देवळांपर्यंत मजल मारली. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. पुढे पुराणवस्तू खात्याच्या हेन्री कझिन्सने दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९३१ साली निघाला. लोणारचे दैत्यसूदन, सातगावची देवळे अशी आपली ठिकाणे त्यात आहेत. हे काम अमोल आहे, त्याबद्दल वादच नाही. पण हे फोटो पाहताना मी आता आजीची पद्धत वापरतो. देऊळ आधी पाहत नाही, कोपरा पाहतो. देवळाचे माप कळावे म्हणून खांबाशी एक माणूस उभा केलेला असतो. त्याचे पागोटे कसे, धोतर कसे, हातात काठी कोणती? आणि मागे, अगदी पुसट, एखाद्या धाब्याच्या घराची कड दिसते. त्या घराचा फोटो कोणी मुद्दाम काढलेला नाही. तो चुकून आला आहे, आणि आपल्याला तेवढाच मिळाला आहे.

बरे, साधी इमारत म्हणजे किरकोळ इमारत असे नव्हे. खामगावचेच पहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली, आणि खामगावचा बाजार मुख्य रस्त्यापासून आठ मैल आत राहिला म्हणून जलंबपासून खास फाटा घातला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आला होता. म्हणजे, श्रोतेहो, त्या कार्डांवरचे धान्याचे कोठार आणि आमच्या खामगावचे कापसाचे जिन ही एकाच व्यापारी जगाच्या दोन टोकांची घरे आहेत. तिकडच्या कोठाराचे चित्र शंभर वर्षे जपले गेले. इकडे ज्या जिनात आमच्या आज्यापणज्यांच्या गाड्या रात्रभर ओळीने उभ्या राहत, ज्याच्या भोंग्यावर गाव उठे नि जेवी, त्याचे पत्रे उतरले, चिमणी पाडली, आणि जागेचे प्लॉट पडले. एकदा वर्गात विचारले, "जिनाची चिमणी कोणी पाहिली आहे?" साठांपैकी चार हात वर झाले. फोटो कोणाकडेच नव्हता.

आणि गढ्या! आपल्या जिल्ह्यात अशी किती गावे निघतील की जिथे मध्यभागी पांढऱ्या मातीची गढी होती किंवा अजून थोडी उरली आहे. गढीची माती धाब्यावर टाकायला उत्तम, म्हणून लोक ती वर्षे नि वर्षे खणून नेत आले. मी त्यांना नावे ठेवीत नाही. छप्पर गळत असताना इतिहास कोण पाहील? पण खणण्याआधी एक फोटो काढायला माती कमी पडत नाही. सिंदखेड राजाला दरवर्षी १२ जानेवारीला लाखाने माणसे जिजाऊंच्या जन्मस्थानी जमतात, आणि लखुजी जाधवांच्या राजवाड्याच्या दरवाज्यासमोर उभे राहून फोटो काढतात. काढलेच पाहिजेत. मात्र त्याच गावातली जुनी आळी, तिथले लाकडी तुळयांचे माळवद, विहिरीवरचा रहाट हे सारे कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहते.

आमचे लोक फोटोला नको म्हणणारे होते असेही नाही. सैलानीच्या यात्रेत किंवा तालुक्याच्या स्टुडिओत लोक हौसेने बसत. पण मागे पडदा असे! पडद्यावर ताजमहाल, विमान, नाहीतर काश्मीरचे तळे. वऱ्हाडातली किती जोडपी ताजमहालापुढे बसून आली याची गणतीच नाही. स्वतःचे घर मात्र दाखवण्यासारखे आहे असे कोणाला वाटले नाही. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रिळाचा खर्च नाही, आणि आपण काढतो काय? आपलेच तोंड. घर तेव्हा पडद्यामागे होते, आता डोक्यामागे आहे.

माझ्या शिक्षक बंधुभगिनींना या कामी एक विनंती आहे. मुलांना निबंध देता तसा एखादा फोटो द्या. आपल्या घरासमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे, म्हणजे शेजारची दोन घरेही येतात. सकाळचे तिरपे ऊन असले की भिंतीचे पोत उठून दिसतात. शाळेचा, चावडीचा, पाराचा, पाणवठ्याचा फोटो दरवर्षी एकाच दगडावर उभे राहून काढावा. पाचव्या वर्षी काय दिसते ते मी सांगायला नको. ज्याच्या घरी जुना फोटो असेल त्याने तो मागू नये, नेऊ नये. तिथेच खिडकीपाशी, उन्हाची तिरीप न पडेल असा ठेवून त्याची नक्कल काढावी आणि मूळ घरच्यांच्या हाती परत द्यावे. फोटो चिकटवू नका. डिंकाने आणि त्या चिकट पानांच्या अल्बमांनी जितके फोटो खाल्ले तितके वाळवीने खाल्ले नसतील. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने लिहा, कोण, कुठले, कोणते साल. शाई पुढच्या बाजूला उतरते. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात, म्हणून वर्षातून दहा तरी कागदावर छापून घ्या.

हे सगळे मला कोणी शिकवले नाही. उशिराने, नुकसान झाल्यावर कळले. गेल्या काही वर्षांत सुट्टीच्या दिवशी मी विद्यार्थ्यांना घेऊन पूर्णेच्या काठी जातो. नांदुरा तालुक्यात जिगाव प्रकल्पाचे धरण होत आहे, आणि त्याच्या पाण्याखाली काठची अनेक गावे जाणार आहेत. धरणाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलायला जाणते लोक आहेत, तो माझा विषय नाही. पाणी शेताला हवेच. आम्ही फक्त घरे पाहतो, रस्ते मोजतो, फोटो काढतो.

एका गावात एका म्हाताऱ्या आजोबांनी आम्हांला हटकले. "आता काहून आले? घराचा फोटो तं मोजणीवाल्यांनी नेला." मी म्हटले, "आजोबा, तो मोबदल्यासाठी नेला असेल." ते म्हणाले, "हो. भिंतीचा नेला. नंबर टाकेल भिंतीचा. घराचा नाही नेला." मग त्यांनी स्वतःच आम्हांला आत नेले. गुरांचा कोठा दाखवला, कणगीची जागा दाखवली, ओसरीच्या खांबावर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या त्या दाखवल्या. एका खुणेपाशी हात ठेवून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हीही विचारले नाही. तो खांबाचा फोटो मात्र काढला.

त्यांच्या घरवालीने, त्या माउलीने, चुलीपाशी बसून फोटो काढून घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सुनेला म्हणाली, "तू सरक, मागची भिंत दिसू दे." महिनाभराने आम्ही ते फोटो कागदावर छापून घेऊन गेलो. मी खिशातून पेन्सिल काढली आणि पाठीवर त्यांचे नाव लिहिले, साल लिहिले, गावाचे नाव लिहू लागलो. तिने हात धरला.

"नुसतं नाव नका लिहू, सर," ती म्हणाली. "आधी 'जुनं' लिहा. तिकडच्या नव्या गावालेही हेच नाव देणार हायेत."