गोविंदराव टेंबे यांच्या चाली



दिवाळीनंतर मंडई भरली की आपल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं रंगतात. ऑर्गनचा सूर लागला, की मागे बसलेला माणूसही सरसावून बसतो. गाण्याच्या या ओढीला मराठी रंगभूमीवर ज्यांनी नवं वळण दिलं, ते कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे. जन्म १८८१ चा. हार्मोनियमवर त्यांचा विलक्षण हात होता.

१९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीनं नाटककार खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगमंचावर आणलं. त्याच्या चाली टेंब्यांच्या. तोवर नाटकात साकी, दिंडी अशा पारंपरिक छंदांचा वावर मोठा. टेंब्यांनी ठुमरी, होरी, कजरी अशा पूरब अंगाच्या मोहक चिजा निवडून मराठी पदांना दिल्या. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथेच आहे. राग ओळखता न येणाऱ्यालाही ती चाल एका ऐकण्यात गुणगुणता येते, आणि कसलेल्या गायकाला तीच विस्तारायला भरपूर जागा देते. म्हणूनच शंभर वर्षांनंतरही ती पदं मैफलीत हमखास गायली जातात.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभारली. पुढे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला संगीत दिलं, आणि त्यात हरिश्चंद्रही स्वतःच साकारला.