बाळंतविडा : काय घ्यावें, काय घेऊं नये
(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या महिन्यांत माझी भाची चार दिवस राहावयास आली होती. तिला सातवा महिना सरत आलेला. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें एका दुकानांतून मिळालेली छापील यादी माझ्यापुढें ठेवली आणि विचारलें, "मावशी, यांतलें काय काय आतांच आणून ठेवूं?" मीं मोजून पाहिलें, एकंदर त्रेसष्ट जिनसा भरल्या. बाटल्या उकळण्याचें यंत्र, दूध कोमट ठेवण्याचें यंत्र, डोकें गोल व्हावें म्हणून राईची उशी, अजून जमिनीला न लागलेल्या पायांसाठीं बूट! ज्या पाहुण्याला पहिले कित्येक महिने दूध, ऊब, झोंप आणि माणसाचा हात एवढेंच हवें असतें, त्याच्या स्वागताची ही तयारी पाहून मला हंसूं आलें. पण तें मीं आवरलें. कारण तिच्या वयाची असतांना मीं स्वतः जी चूक केली, ती या यादींतूनच निघालेली होती.

बाळंतविडा ही आपल्याकडील जुनी चाल आहे. झबलीं, टोपडीं, कुंची, दुपटीं, लंगोट असा सरंजाम आप्तेष्टांच्या हातून येई, आणि त्यांतील पुष्कळशीं वस्त्रें आजीच्या जुन्या लुगड्यांतून निघालेलीं असत. यांत काटकसर होतीच, पण शहाणपणही होतें. धुऊन धुऊन मऊ झालेलें सुती कापड कोंवळ्या अंगाला बोंचत नाहीं.

दूर फिनलंड देशांत सरकारच बाळंतविडा देतें, हें आपल्यापैकीं कित्येकांना ठाऊक नसेल. १९३८ सालीं तो गरीब मातांसाठीं सुरू झाला आणि १९४९ पासून सर्व मातांना मिळूं लागला. एका पुठ्ठ्याच्या पेटींत बाळाचे कपडे, पांघरूण व तळाशीं लहानशी गादी असते. पेटी रिकामी झाली कीं तोच बाळाचा पहिला बिछाना. मात्र आईनें गरोदरपणीं वेळेवर वैद्यकीय तपासणी करून घेतली असली पाहिजे, ही त्यासाठीं अट. या पेटींत पूर्वीं दुधाची बाटली असे. पुढें ती काढून टाकण्यांत आली. कां काढली, तें माझ्या अनुभवावरून सांगतें.

माझ्या पहिल्या मुलाच्या वेळीं मीं दुधाच्या भुकटीचा एक डबा व दोन बाटल्या आधींच आणून फडताळांत ठेवल्या होत्या. 'असूं द्यावें हाताशीं' एवढाच विचार. तिसऱ्या रात्रीं बाळ कांहीं केल्या राहीना. पहिल्या दिवसांत आईला येणारा चीक थोडा असतो, बाळाचें पोटही तेवढेंच लहान असतें, आणि बाळ वारंवार पिऊं लागलें म्हणजेच दूध वाढतें, हें मला कोणी सांगितलें नव्हतें. रात्रीचे दोन वाजलेले. डबा समोर होता. मीं बाटली भरली. बाळ निजलें. दुसऱ्या दिवशीं बाटली संध्याकाळींच भरली गेली. बाळ अंगावर कमी पिऊं लागलें म्हणून दूध आटलें, आणि दूध आटलें म्हणून बाटली वाढली. महिन्याभरानें एका वृद्ध परिचारिकेनें माझ्याजवळ बसून बाळाला कसें धरावें तें दाखविलें, आणि पंधरा दिवसांच्या खटपटीनें तें चक्र उलट फिरविलें. डबा घरांत नसता, तर त्या रात्रीं मीं बाळाला पुन्हा छातीशीं धरलें असतें, किंवा सकाळीं कोणाला तरी विचारलें असतें.

श्रोतेहो, घरांत असलेली वस्तु वापरली जाते. म्हणून 'ही कधीं उपयोगी पडेल काय?' हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचें उत्तर नेहमीं 'होय' असेंच येतें. प्रश्न असा विचारावा, कीं 'ही वस्तु घरांत आली तर कोणती गोष्ट बाहेर जाईल?'

दुधाच्या बाबतींत हें ओळखूनच भारतांत १९९२ सालीं कायदा झाला आणि भुकटीच्या व बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी आली. २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. पहिले सहा महिने आईचें दूधच द्यावें, वर पाणीसुद्धां नको, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. कांहीं मातांना डॉक्टरांच्या सल्ल्यानें वरचें दूध द्यावें लागतें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं; तें वाटी-चमच्यानें किंवा आपल्या जुन्या बोंडल्यानेंही देतां येतें. पण हा निर्णय फडताळांतील डब्यानें घेऊं नये.

हीच कसोटी इतर वस्तूंना लावून पाहा. चाकांच्या गाडीनें मूल लवकर चालूं लागतें हा समज खोटा आहे. ती रांगण्याची संधि हिरावून घेते, आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका घरांत आणते. म्हणूनच कॅनडानें २००४ सालीं तिच्या विक्रीवर बंदी घातली. उशी, मऊ खेळणीं व सैल पांघरुणें यांनीं बाळाचा श्वास कोंडूं शकतो. वर्षापर्यंत उशी नको. घट्ट गादीवर, उताणें आणि आपल्याच खोलींत निजवावें. मध चाटवूं नये. त्यांतील जंतुबीजांमुळें वर्षाच्या आंतील मुलाला अंग लुळें पाडणारा रोग होऊं शकतो. काजळ व सुरमा यांत कधीं कधीं शिसें आढळतें; तेंही नको.

मग घ्यावें तरी काय? सहा-आठ झबलीं, दोन टोपडीं, दोन डझन लंगोट आणि सहा दुपटीं. बाळ दिवसांतून सहा-आठ वेळां तरी कपडे ओले करतें, आणि आपल्या पावसाळ्यांत लंगोट दोन दोन दिवस वाळत नाहीं. जन्म आषाढ-श्रावणांतला असेल तर संख्या वाढवावी. एकदां वापरून टाकावयाचे लंगोट प्रवासाला सोयीचे. पण लहान मापाचा साठा करूं नये. बाळाचें वजन पांच महिन्यांत दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होतें. एक घट्ट गादी, एक मेणकापड, सौम्य साबण, नखें कापण्याची बोथट टोकाची कात्री. एक तापमापक मात्र अवश्य. तीन महिन्यांच्या आंतील बाळाचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला तर घरीं उपाय न करतां डॉक्टर गांठावा. आणि घरची मोटार असेल तर तिच्यांत बाळाचें, तोंड मागच्या बाजूस असणारें आसन. तें महाग असतें, पण मोटारींत आईची मांडी ही सुरक्षित जागा नव्हे. सर्वांत मोलाच्या लसी तर सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात.

आम्हीं दोघींनीं त्या रात्रीं यादीवर पेन्सिल फिरविली, तेव्हां त्रेसष्टांपैकीं दहा जिनसा उरल्या. मग मीं खालीं माझ्या हातानें एक ओळ लिहिली : 'चाळीस दिवस कपडे धुण्यास व स्वयंपाकास एक बाई.' भाची म्हणाली, "मावशी, हें तर बाळासाठीं नाहीं!" मीं म्हटलें, "बाई, आईला चार तास सलग झोंप मिळाली, वेळेवर ऊन जेवण मिळालें, तर त्याचा लाभ पहिल्यानें बाळालाच होतो. त्रेपन्न जिनसांचे जे पैसे वांचले, ते इथें खर्च कर."

ही अकरावी जिन्नस कोणत्याच दुकानाच्या यादींत नसते. आपल्या घरीं पाळणा हलणार असेल, तर ती आपल्या यादींत सर्वांत वर लिहावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतें.