उत्तर देऊ नका, प्रश्न हाती द्या
(गणेशोत्सवातील युवक मेळाव्यात केलेले भाषण)



मी रेल्वेतला साधा डिप्लोमावाला इंजिनियर. समोर एम.एस्सी., पीएच.डी. करणारी मुले बसली आहेत. त्यांतली काही जण स्वतः शिकता शिकता बी.एस्सी.च्या मुलांचे ट्युटोरियल घेतात. त्यांना मी काय सांगणार? पण आमच्या शेजारच्या मुलीने आग्रह केला, म्हणून उभा आहे.

ती संशोधन करते आणि आठवड्यातून दोनदा वर्ग घेते. गेल्या वर्षी एकदा रडवेली होऊन म्हणाली, "काका, मी फळ्यावर सहा गणिते सोडवते. 'कळलं का?' विचारलं की सगळे म्हणतात, 'गोत्तायतु मॅडम.' परीक्षेत जरा फिरवून विचारलं की पेपर कोरा! मला शिकवताच येत नाही का?"

मी म्हटले, "बाळ, हीच चूक मीही केली आहे."

पूर्वी एका यार्डात असताना माझ्याकडे एक शिकाऊ मुलगा होता. एका डब्याचा ब्रेक चिकटला होता. मी त्याला रिलीज लिव्हर ओढायला शिकवले. ब्रेक सुटला, मुलगा खूश, मीही खूश. काही दिवसांनी इंजिन बदलल्यावर एका गाडीच्या सगळ्याच डब्यांचे ब्रेक सुटेनात. हा पठ्ठ्या उन्हात एकेका डब्यापाशी जाऊन लिव्हर ओढत होता. एका डब्याचा ब्रेक चिकटला तर आधी दोष डब्यात शोधायचा. पण एकाच वेळी सगळ्यांचे चिकटले तर? हा प्रश्न त्याला पडलाच नाही. पडणार कसा? मी त्याला उत्तर दिले होते, प्रश्न दिलाच नव्हता.

मी त्याला थांबवून इंजिनाचा गेज पाहायला सांगितले. "सकाळपासून काय बदललं?" एवढेच विचारले आणि तोंड बंद ठेवले. ते फार अवघड गेले. गाडीला उशीर होत होता, उत्तर माझ्या जिभेवर होते. शेवटी तोच म्हणाला, "सर, इंजिन बदललं!" आधीच्या इंजिनाने ब्रेक पाइपात ५ किलो दाब भरला होता, नवे इंजिन ४.६ च देत होते. डब्यातला व्हॉल्व्ह आत साठलेल्या दाबाशी पाइपातल्या दाबाची तुलना करतो. पाइपात दाब कमी दिसला की त्याला वाटते, ड्रायव्हरने ब्रेक लावला आहे. त्या दिवशी मुलाला ब्रेक समजला. लिव्हर तर आधीच येत होता.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ साली गणिते सोडवण्यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात चार पायऱ्या आहेत : प्रश्न समजून घ्या, योजना करा, ती पार पाडा, मागे वळून पाहा. आपण फळ्यावर फक्त तिसरी दाखवतो. पहिल्या दोन आपल्या डोक्यात होतात, चौथीला वेळ उरत नाही.

आपल्या म्हैसूरचे दिवाण सर विश्वेश्वरय्या यांनीही बंगळूरला शिकताना शिकवण्या करून खर्च भागवला होता. पुढे ते पुण्यात इंजिनियर झाले. खडकवासल्याला पावसाळ्यात जास्तीचे पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात कमी पडे. सांडवा कायमचा उंच करावा, तर पुरात धरणाला धोका. त्यांनी प्रश्नच नीट मांडला : एरवी अडवेल आणि पूर आला की आपोआप वाट देईल असे काय करता येईल? त्यातून १९०३ मध्ये तेथे स्वयंचलित दरवाजे बसले.

आता त्या मुलीचे सांगतो. तिने सहाऐवजी दोनच गणिते घ्यायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटे कोणी आकडेमोड करायची नाही. काय दिले आहे, काय हवे आहे, ते आपल्या शब्दांत लिहायचे. गणित सुटल्यावर विचारायचे, "हा आकडा दुप्पट केला तर?" एकदा तर मुलांनी आणलेले, तिने स्वतः न पाहिलेले गणित तिने फळ्यावर घेतले आणि मध्येच अडकली. घाम फुटला. मान जाईल असे वाटले. तरी पुसून पुन्हा सुरुवात केली. तेवढ्यात वर्षभर तोंड न उघडलेला मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, चिन्ह चुकलंय." त्या दिवसापासून तो बोलू लागला. मॅडमही अडकतात, हे त्याला पहिल्यांदाच दिसले होते.

मित्रहो, शिकवणाऱ्याने अडकलेले दिसावे, आणि त्यातून सुटतानाही दिसावे. तुम्ही वयाने विद्यार्थ्यांच्या जवळ आहात. जे परवापर्यंत तुम्हाला कळत नव्हते, ते तुम्हाला अजून आठवते. मोठमोठे प्राध्यापक ते विसरलेले असतात. हेच तुमचे भांडवल आहे.

गणराय विघ्नहर्ता आहे, तसाच बुद्धिदाताही आहे. त्याने आपली सगळी विघ्ने परस्पर दूर केली, तर बुद्धी वापरायची कधी? म्हणून मी बाप्पाकडे एवढेच मागतो : आम्हाला चांगले प्रश्न दे, आणि विद्यार्थी विचार करत असताना गप्प बसण्याचा धीर दे.

गणपती बाप्पा मोरया!