सकाळी बघू, असे म्हणू नका

(वार्षिक मेळाव्यात आमच्या बीड जिल्ह्यातील सेवकाने केलेले भाषण)



शाळा, औषधोपचार आणि धान्यवाटप यांचा वृत्तांत तुम्ही ऐकलात. मी एका रात्रीविषयी बोलणार आहे. त्या रात्री माझी चूक झाली.

काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास जवळच्या पारधी वस्तीवरची एक बाई लेकराला कडेवर घेऊन माझ्या दारी आली. म्हणाली, "दादा, शेजारच्या गावात चोरी झाली. माझ्या मालकाला पोलिसांनी उचललं. कुठं नेलं, सांगत नाहीत." मी तिला पाणी दिले आणि म्हणालो, "ताई, सकाळी बघू."

तिचा नवरा तिसऱ्या दिवशी परत आला. त्याचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, पण त्याचा उजवा हात वर होत नव्हता. ऊसतोडीची उचल आधीच घेतलेली होती. त्या हंगामात बाई एकटी फडात गेली. मुकादमाच्या हिशेबी तो अर्धा कोयता होता. फिटायची ती उचल वाढली.

चोरी झाली की पहिले बोट पारध्याकडेच का जाते? १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्यांना रोजची हजेरी लावली आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड ठेवले. देशात अशा काही वसाहती मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनीही चालवल्या. हेतू सुधारणेचा असेल, पण कुंपणाची किल्ली आपल्याही हाती होती, हे विसरू नये. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. संशय मात्र राहिला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालातही सांगावे लागले.

आता कामाच्या गोष्टी ऐका आणि घरी सांगा. अटक केलेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावेच लागते. अटकेचा कागद वेळ-तारीख घालून करायचा असतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही लागते. नातेवाइकांना कळवणे आणि वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करावा. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पण दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. पालावर जन्मलेल्या आजोबांचा कागद कोठून आणायचा? म्हणून दाखल्यांचे कामही आपण हाती घेतले आहे.

हे पोलिसांविरुद्धचे भाषण नव्हे. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाही खरा चोर सापडायला हवा. भलत्याच माणसाला मारून तो सापडत नाही.

गेल्या वर्षी पुन्हा रात्री दार वाजले. या वेळी मी चप्पल घातली. मंडळीतील एक वकील आणि एक निवृत्त शिक्षक बरोबर आले. आम्ही आवाज चढवला नाही. अटकेचा कागद कोठे आहे, एवढेच नम्रपणे विचारले आणि बाकावर बसून राहिलो. पहाटे कागद झाला. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाला न्यायालयापुढे नेले. तो दोषी की निर्दोष, हे न्यायालय ठरवील. पण त्याच्या अंगावर वळ नव्हता.

तुमच्या देणग्यांनी दप्तरे आणि औषधे येतात, त्याबद्दल आभारी आहोत. आज मात्र मी माणसे मागतो. प्रत्येक मंडळीतून दोघांनी नावे द्यावीत. रात्री फोन आला तर उठायचे आणि त्या बाकावर जाऊन बसायचे. यादी दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव मी लिहिले आहे.